पानामागचा अंगठा

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. बेंगळुरूतल्या एका न्यायालयाच्या नक्कल विभागात खिडकीखाली माझी जागा. तिथे मला एकोणीस वर्षं झाली. माझ्यावर काम करणारे बसवंत मूळचे निपाणीचे. वकील म्हणत, "बसवंतअण्णांची नक्कल म्हणजे मूळ कागदापेक्षा स्वच्छ!" मित्रांनो, ते ऐकून माझ्या पत्र्याला ऊब यायची.

माझी भूक मात्र मोठी होती. रोज आठ-दहा रिम कागद, वर टोनर आणि वीज. म्हणून दीड वर्षापूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आली. निकाली खटल्यांचे कागद स्कॅन होत. ती ते वाचून स्कॅन जपून ठेवी आणि कोणत्या फायली लगद्यासाठी गिरणीत धाडायच्या, ते सांगे. कागदाची खरेदी निम्म्यावर आली. मला राग नव्हता. फक्त आठवडे जात आणि माझं बटण कोणी दाबत नसे.

मार्चमध्ये ठकुबाई आल्या. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात त्यांचं बांगड्यांचं दुकान. बारा वर्षांपूर्वी दिराने याच न्यायालयात समजुतीच्या कागदावर अंगठा उठवून ते त्यांना सोडलं होतं. आता दीर वारला होता आणि त्याचा मुलगा दुकान मागत होता. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. यंत्रणेतून निघालेल्या नकलेवर अंगठाच नव्हता.

"माझ्यादेखत उठवलाय, अण्णा! पानामागं. पुढं जागाच न्हवती."

बसवंतांनी यशश्रीकडे पाहिलं. यंत्रणा सांभाळणारी ही पुण्याची इंजिनिअर ओशाळली.

"ब्लँक बाजू सोडून दे, हे सेटिंग माझंच. स्टोरेज वाचतं, वीज वाचते. फिकट शाई यंत्रणेला दिसली नसणार."

"वीज वाचली, अक्कांचं दुकान गेलं. सरी, बरं झालं!"

"टोमणे नंतर मारा, अण्णा. फाइल कुठंय?"

फाइल लगद्याच्या पोत्यांत होती आणि तीन वाजता ट्रक येणार होता. दोघांनी पोती उपसली. एकतिसाव्यात कागद सापडला. मागे फिकट जांभळा ठसा होता. स्कॅनरवर तो उमटेना. मग बसवंतांनी माझी काच पुसली आणि गडद छपाईचं बटण दाबलं.

ठकुबाईंनी नक्कल डोळ्यांजवळ नेली. "ह्योच! ही आडवी रेघ बघा की. विळीवर कापलेला हुता त्याचा अंगठा."

नकलेसोबत मूळ कागदही न्यायाधीशांपुढे गेला. दुकान ठकुबाईंकडेच राहिलं.

यशश्रीने सेटिंग बदललं. आता पोतं शिवण्याआधी माणूस प्रत्येक पान उलटून बघतो. कागद तरीही वाचतोच. सोमवारी मला सुटं करून भंगारात नेणार आहेत. भंगाराची यादीही यंत्रणेनेच केली आणि ती बरोबर आहे. माझा विजेचा खर्च कोणालाच परवडणारा नाही.

मित्रांनो, कागद वाचवा, वीज वाचवा. पण एखादी वस्तू निकामी ठरवण्याआधी ती ज्याची आहे, त्याला विचारा. त्या फायलीवर ठकुबाईंचा फोन नंबर लिहिलेला होता. तो कोणी लावला नव्हता.