चौथं रीळ आणि आईचा करंडा

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. जुना म्हटल्याबरोबर चेहरे पाडून बसू नका, मित्रांनो. माझं भिंग शाबूत आहे, माझ्या चाकांचा एकही दात पडलेला नाही. रडगाणं ऐकायचं असेल तर पलीकडे एक मोडका टांगा पडला आहे, त्याच्याकडे जा. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे. या यंत्रानं आमच्या बायका बिघडवल्या, असा आळ रोहण्याच्या मंडळींनी माझ्यावर घेतला. तो मी तेव्हा मानला नाही आणि आजही मानत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं मला काय म्हणत ते आता आठवत नाही. नागपूरच्या एका थिएटरात मी अकरा वर्षं काढली. मग तिथं दोन नवी कोरी यंत्रं आली आणि मला वर्ध्याच्या एका शेठनं तंबूच्या सिनेमासाठी उचललं. तेव्हापासून बैलगाडी हेच माझं घर झालं. सेलू, आर्वी, रोहणा, आजूबाजूचे बाजार आणि जत्रा, असा आमचा फेरा असे. मला चालवणारा नत्थू. त्याची बायको रुखमा संपलेली रिळं हाताच्या चाकावर उलटी गुंडाळून ठेवी. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. म्हणून रुखमानं रिळांच्या डब्यांवर कुंकवाचे ठिपके दिले होते. पहिल्या रिळाला एक, दुसऱ्याला दोन, असे तेरापर्यंत.

तंबूत मी एकटाच होतो, हे लक्षात घ्या. मोठ्या थिएटरात दोन यंत्रं असतात, एकाचं रीळ संपलं की दुसरं सुरू होतं. आमच्याकडे प्रत्येक रिळानंतर पडदा काळा होई आणि नवं रीळ चढेपर्यंत लोक गप्पा मारत. नत्थूला याची लाज वाटे. मला कधीच वाटली नाही. लोकांना विचार करायला तेवढाच वेळ मिळतो, असं माझं मत आहे.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक हसवणारा सिनेमा आला, ‘सात गावचा नवरदेव’. त्याचा नायक देखणा, केसांचा कोंबडा काढलेला, जिभेवर साखर घेऊन जन्मलेला. तो ट्रंक घेऊन गावोगाव हिंडे, प्रत्येक गावात एका पोरीला भुलवी आणि लग्नाचा शब्द देऊन पुढच्या गावाची गाडी पकडी. शेवटी सातही जणी एकाच मांडवात त्याला गाठतात आणि त्याची अशी काही वरात काढतात, की बायका हसून हसून डोळ्यांना पदर लावीत. रुखमानं तो चाळीसदा पाहिला असेल. रीळ गुंडाळताना ती त्याची वाक्यं त्याच्या आधी म्हणे.

तो सिनेमा घेऊन आम्ही रोहण्याला गेलो. तिथं अण्णाजी म्हणून कापसाचे व्यापारी होते. हंगाम संपल्यामुळे त्यांचं कापसाचं गोदाम रिकामं पडलं होतं. दारं लावली की भरदुपारी आत काळोख होई, आणि भिंतींवर अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते. मी तापणारा गडी, म्हणून नत्थूनं त्या भिंती झाडून घेतल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या बादल्या ठेवल्या. रात्रीच्या खेळाला घरच्या बायकांना येऊ देत नसत. म्हणून अण्णाजींची मुलगी सुलोचना हटून बसली, की दुपारी गोदामात फक्त बायकांसाठी एक खेळ व्हावा. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन दिवसांवर आलं होतं, तेव्हा बापानं तिचा हट्ट पुरवला.

साक्षगंध ठरलं होतं गुलाबबाबूंशी. हे गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी रोहण्यात उतरले होते. मोठ्या गिरणीसाठी कापूस खरेदी करणारे साहेब आहोत, असं त्यांनी सांगितलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि बोलणं असं शुद्ध, की पुण्याहून थेट इथेच आले असं वाटावं. आमच्याकडे कोणी असं बोललं की माणसं आधीच अर्धी वाकतात. अण्णाजी पूर्ण वाकले होते.

खेळाच्या आदल्या दिवशी गुलाबबाबू आमच्या तंबूत आले. रुखमानं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, “वहिनी, तुमच्या हातचं पाणी प्यालो आणि वाटलं, इतके दिवस मी तहानलेलाच होतो.”

रुखमाचा चाकावरचा हात जागीच थांबला. मीही दचकलो. हे वाक्य दुसऱ्या रिळातलं होतं, मित्रांनो! त्यातला एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पुढे ते नत्थूकडे वळले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, की सिनेमा वाईट आहे, बायकांनी पाहू नये, पण अण्णाजी ऐकत नाहीत. तेव्हा निदान तो करंड्याचा भाग तरी गाळावा. आणि आत एकही पुरुष नको, यंत्र चालवायलासुद्धा नको, ही अट आपण अण्णाजींना घालायला लावली आहे, घरंदाज बायकांचा प्रश्न आहे.

“करंड्याचं म्हंजे चवथं रीळ,” नत्थू म्हणाला. “तो डब्बा मी बाहेरच घेऊन बसतो, साहेब.”

ते गेल्यावर रुखमा म्हणाली, “हा माणूस पिच्चर पाहून बोलून राह्यला.”

“तुले काय करायचं हाय? अण्णाजीचा जावई होऊन राह्यला तो.”

“काऊन नाई करायचं? माणूस आत नाई येऊ शकत, मंग मशीन कोण चालवीन उद्या?”

अट घालणाऱ्याला ती गोष्ट सुचलीच नव्हती. बायकांची अब्रू राखायच्या घाईत त्यानं अख्खं यंत्र एका बाईच्या हातात देऊन टाकलं होतं, तेही सिनेमा तोंडपाठ असलेल्या बाईच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामाचं दार लागलं. आत शंभरेक बायका, कडेवर पोरं, पदरात फुटाणे. बाहेर नत्थू धडधडणाऱ्या इंजिनापाशी बसला, कारण विजेसाठी ते लागेच. शेजारी चार ठिपक्यांचा डबा, आणि त्या डब्यावर स्वतः गुलाबबाबू पाय पसरून बसलेले. डबा चांगला जड होता. रुखमानं त्यात दोन भाकरी, ठेचा आणि वजनाला वरवंटा घातला होता.

चौथं रीळ माझ्यापाशी होतं. रुखमानं माझ्या कार्बनच्या कांड्या जुळवल्या, उजेड पेटला, आणि खरं सांगतो, नत्थूच्या हातात मी इतका नीट कधीच चाललो नव्हतो. तीन रिळं हशात गेली. मग चौथं चढलं. नायक चौथ्या गावच्या पोरीसमोर उभा राहतो, डाव्या हातानं डोळा पुसतो आणि खिशातून एक चांदीचा करंडा काढतो. “आई जाताना हा देऊन गेली. म्हणाली, ज्या घरी तुला आपलं वाटेल, त्या घरी ठेव. आज ठेवतो आहे. पण लग्नापर्यंत कुणाला दाखवू नकोस.” पोरगी लाजते. नायक खोलीवर येतो, ट्रंक उघडतो, तर आत तसेच अकरा करंडे! बायका अशा हसल्या की पोरं घाबरून रडू लागली.

पुढच्या रांगेत सुलोचना मात्र हसली नाही. रीळ संपलं, पडदा काळा झाला. रुखमानं कंदिलाची वात वर केली. सुलोचना उठून माझ्यापाशी आली.

“बाई, हेच रीळ पुन्हा दाखवता येते काय?”

“येते की. पण पक्कं ना?”

“एकदा ऐकलं तं वाटलं, माह्याच कानाचा दोष आहे. पुन्हा ऐकू द्या.”

रुखमानं रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा चढवलं. या वेळी गोदामात चिडीचूप. नायकानं डावा हात डोळ्याकडे नेला, आणि सुलोचना त्याच्यासोबत हळू आवाजात बोलू लागली. ज्या घरी तुला आपलं वाटेल. त्या घरी ठेव. शेवटच्या शब्दापर्यंत तिनं साथ दिली. मग तिनं कमरेची गाठ सोडून एक करंडा काढला आणि उजेडात धरला. त्या क्षणी मला माझ्या उजेडाचा फार राग आला. पण तो मी विझू दिला नाही.

मागच्या भिंतीपाशी आणखी एक बाई उठली. तिचं नाव बायजा. ती गावात फुटाणे विकून पोट भरणारी, तिशीतली विधवा होती. तिनं टोपलीच्या तळातून तसाच करंडा काढला. विधवेकडे कुंकवाचा करंडा पाहून बायका माना वळवून पाहू लागल्या.

“मले म्हणे पुलगावले नेतो,” बायजा म्हणाली. “म्हणे, तुह्या कपाळी कुंकू लावतो. मी तं रोज उघडून पाहत होती, बाई.”

कुणी तिला नावं ठेवील असं मला वाटलं होतं. सुलोचनानं तिचा हात धरला आणि दोघी दाराकडे निघाल्या. मागोमाग शंभर बायका. रुखमानं कांड्या दूर केल्या आणि मीही विझलो. पण दार सताड उघडं राहिलं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं.

एवढ्या बायका एकदम बाहेर आलेल्या पाहून नत्थूनं इंजिन बंद केलं. अण्णाजी धावत आले. गुलाबबाबू डब्यावरून उठले, दोन्ही करंड्यांकडे त्यांची नजर गेली. पण ते कसलेले होते. त्यांचा डावा हात डोळ्याकडे गेला.

“सुलोचना, तुझा गैरसमज होतो आहे. आई जाताना हा देऊन गेली. म्हणाली...”

“ज्या घरी तुला आपलं वाटेल, त्या घरी ठेव!” शंभर बायका एका सुरात ओरडल्या.

कुणीतरी चार ठिपक्यांचा डबा उघडला. भाकरी पाहून पुन्हा असा हशा उसळला, की गुलाबबाबूंनी धूम ठोकली. एक चप्पल गटाराच्या चिखलात रुतली तेव्हा “अरे माही चप्पल, माही चप्पल!” असा आमच्याच मुलखातला आवाज त्यांच्या तोंडून निघाला. धर्मशाळेत राहिलेली त्यांची ट्रंक बायजानं उघडली. आत आणखी चार करंडे होते.

आता तुम्ही म्हणाल, गावानं माझा सत्कार केला असेल. छे! अण्णाजींचा जावई पळाला, तोही चारचौघांत. कुणावर तरी राग काढायलाच हवा होता. ते म्हणाले, असली पापं हे यंत्रच शिकवतं. यापुढे रोहण्यात सिनेमा येणार नाही, आणि बायकांचा खेळ तर कुठेच नाही.

“आबा, मशीनले काऊन बोलता?” सुलोचना म्हणाली. “त्यानं तं मले वाचवलं. पिच्चर पाह्याले मना करणारा कोण होता, ते आठवा न.”

अण्णाजींनी मान फिरवली, पण हुकूम मागे घेतला नाही. शेठनंही पुढे बायकांचे खेळ बंद केले. दोन वर्षांत वर्ध्याला नवं थिएटर झालं, तंबू फाटला आणि मला शेठच्या घरच्या या पडवीत आणून टाकलं. माझ्यावर एक कोंबडी अंडी घालते. घालू दे. रुखमा दर दसऱ्याला येते, मला पुसते, तेल देते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात आणि आम्हाला जपा म्हणतात. मी हात जोडत नाही. मला जपायचं की भंगारात घालायचं, ते तुम्ही ठरवा. पण एखादी गोष्ट पाहू नका असं कुणी घसा ताणून सांगू लागला, तर आधी त्याची ट्रंक उघडून पाहा. एवढं केलंत तरी मला पुरे.

आणि रुखमा ते तेल कशात आणते, तेही सांगतो. रोहणा सोडताना मला गाडीवर चढवत होते, तेव्हा सुलोचना एकटीच आली. तिनं तो करंडा माझ्या भिंगाशेजारी ठेवला.

“ज्या घरी आपलं वाटीन, त्या घरी ठेव, असं त्याची माय सांगून गेली म्हणे,” ती रुखमाला म्हणाली. “मंग मी इथं ठेवते.”