पाला खाणाऱ्या खानाच्या पोरी

वीस वर्षं मी एकच धडा गावाकडून गिरवून घेतला, खानाच्या पोरीला मारायचं नाही. लाल पाठीच्या, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याला आमच्या खोरेझम मुलखात खानाची पोर म्हणतात. मावा पिकाचा रस पितो, ती मावा खाते, म्हणजे ती आपली. कापसासाठी उपयोगी किडे वाढवायची जी प्रयोगशाळा आहे, तिथं मी काम करते. इथल्या बाया अंगण झाडतानासुद्धा तिला फुंकर घालून उडवतात, आणि याचा मला भारी गर्व होता.

यंदा मतनियाज अकांच्या खरबुजांवर मावा पडला; वयानं मोठ्या पुरुषाला आम्ही अका, म्हणजे दादा म्हणतो. त्यांचं हिवाळी खरबूज बोरूच्या विणीत टांगून ठेवलं की वसंतातल्या नवरोजपर्यंत टिकतं. ते बी दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. मागच्या साली जमिनीतल्या खारानं निम्मं नासलं, म्हणून उरलेलं त्यांनी यंदा सगळंच पेरलं. घरात एक दाणा शिल्लक नाही. औषध मारायला ते तयार होईनात, तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "जिथं दिसतील तिथून खानाच्या पोरी गोळा करा आणि वेलांवर सोडा." बायांनी बरण्या भरभरून आणल्या. बऱ्याच जणींनी बांधावरून, तर काहींनी गावाबाहेरच्या ओसाड कलिंगडाच्या तुकड्यातून. मी पडले कापसाचं माणूस. वेलींवर कोण राहतं ते कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

दहा दिवसांनी अकांचा निरोप आला. जाऊन बघते तर पानांची चाळण झालेली. एका पानावर खानाची पोर बसली होती आणि चक्क पान खात होती. मी भिंग लावलं. पाठ मळकट, तिच्यावर बारीक लव. आधी तिनं पानावर गोल रेघ कापली, मग आतला हिरवा भाग खरवडायला लागली.

"काय गं बीकाजान, काय दिसलं?" अका म्हणाले.

"अका, ही मावा नाही खात. पाला खाते."

"खानाची पोर?"

परीक्षेपुरतं पाठ केलेलं पुस्तकातलं एक पान मला आत्ता आठवत होतं. "यांचे पूर्वज किडेच खायचे. त्यातली एक शाखा पाल्याकडे वळली. मग पिढ्यान्‌पिढ्या जबडाही तसाच होत गेला."

"मांस सोडून पाला?" अकांची म्हातारी आई वेलांत वाकली होती, ती तिथूनच बोलली. "असल्या घरात आम्ही मुलगी दिली नसती."

अका हसले नाहीत. "कधी वळली?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"आणि मला आज सांगतेस होय?"

लाजेनं माझं तोंड भाजलं. "मारा यांना," मी म्हटलं, "हातानं चिरडा." आणि पहिली मीच चिरडली. बोटांना पिवळा, उग्र वासाचा रस लागला. बाया माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू काही मी भाकरीवर पाय दिला होता. मग एकीनं हात घातला, मग दुसरीनं. मला तिथं उभं राहवेना. कुठली मारायची आणि कुठली ठेवायची हे न सांगताच मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेले. सगळं गाव बांधावर बसून चहा पीत होतं. म्हातारीनं हौसेनं माझ्यापुढं परात धरली. चिरडलेल्या खानाच्या पोरींनी परात लाल झाली होती. "सकाळपासून वेचतोय," ती म्हणाली. "शेतात एक ठेवली नाही बघ."

मी परातीत बोटं फिरवली. मळकट, लव असलेल्या होत्या, पण मूठभरच. बाकी सगळ्या गुळगुळीत, चकचकीत पाठीच्या, पाठीवर सात ठिपके. मी शेजारचं पान उलटून पाहिलं. खाली मावा नुसता बुजबुजला होता आणि त्याला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं.

"आता बी वाचलं ना आमचं?" अकांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही अका," मी म्हटलं. "मावा खाणाऱ्याही याच परातीत आहेत."

कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. अकांनी आईच्या हातातून परात घेतली, मांडी घालून खाली बसले आणि चकचकीत पाठीच्या एकेक उचलून तळहातावर ठेवू लागले, एखादी हलते का बघायला.