मेहुणीचा व्हिसा

भरगच्च बस चालवताना त्याचे हात कधी थरथरले नव्हते. कोर्टाच्या बाकावर मात्र ते त्याने मांडीखाली दाबून धरले होते.

बायकोला रक्ताचा आजार होता. तिला बोन मॅरो देऊ शकेल असं एकच माणूस होतं, मायदेशातली तिची धाकटी बहीण. त्या बहिणीला इकडे यायचा व्हिसा नाकारला होता. कारण काय, तर लग्न झालेलं नाही, नावावर घर नाही. ही एकदा आली की परत जायची नाही, असं अधिकाऱ्याला वाटलं.

"व्हिसासाठी आता नवरा करू का, भावजी?" मेहुणी फोनवर म्हणाली होती. हसता हसता तिला रडू फुटलं होतं.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही," शेजारी बसलेल्या त्याच्या वकीलबाईंनी बजावलं. "जज व्हिसा देत नाहीत. निर्णय नीट घेतला गेला का, एवढंच बघतात."

"आणि नीट घेतलाय म्हणाले तर?"

वकीलबाई फायलीची पानं सारखी करत बसल्या.

सरकारी वकील आवाज न चढवता, अगदी समजुतीने बोलत होते. आरडाओरडा केला असता तर बरं, असं त्याला वाटलं. अधिकारी अनुभवी आहेत, कोण परत जाईल आणि कोण नाही हे त्यांनाच ठरवू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. जजबाईंनी होकारार्थी मान हलवली. संपलं सगळं. आता घरी जाऊन सांगायचं तरी काय?

"डॉक्टरांचं पत्र अधिकाऱ्यांसमोर होतं?" जजबाईंनी विचारलं.

"होतं."

"निर्णयात त्याबद्दल काय लिहिलंय?"

सरकारी वकिलांनी पानं उलटून पाहिली. "वेगळा उल्लेख नाही. पण त्यांनी ते वाचलं असणार."

"असणार?"

तो कधी उठून उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. वकीलबाईंनी बाही ओढून त्याला खाली बसवलं. जजबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आपल्या एका उठण्याने बायकोचा जीव घालवला, अशी धास्ती त्याला बसली. पुढचं त्याला धड ऐकूही आलं नाही.

"निर्णय रद्द झालाय," वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "दुसरा अधिकारी अर्ज नव्याने बघेल. लवकर बघा, असं सांगितलंय."

"तो पण नाही म्हणू शकतो?"

"म्हणू शकतो. पण पत्र न वाचता नाही."

त्याने बायकोला फोन लावला.

"अहो, येतेय ना ती?" तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"परत विचार करणार आहेत."

"तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं.

त्यानंतर फोन वाजला की तो दचकायचा. एकदा तर वाटेत बस कडेला घेऊन त्याने फोन उचलला, तेव्हा कुणीतरी चुकून लावलेला निघाला. अखेर व्हिसा आला. बायकोचं वजन तोवर आणखी उतरलं होतं.

मेहुणी आली ती विमानतळावरून थेट हॉस्पिटलात. बहिणीला पाहून ती दारातच थबकली; मग जवळ जाऊन तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसली.

"भावजी, हे नक्की लागू पडेल ना?" बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं.

"पडेल," तो म्हणाला, आणि हात खिशात घातले.