ओट्यावरचे वीर

जेसीबीचा दात दगडाला टेकणार, तेवढ्यात बिभीषणनं हात वर केला आणि बगलेतली गोधडी काढून दगडाभोवती गुंडाळली. दगडातल्या वीराला लोखंड लागू द्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. नारळ फोडून झाले होते, माफीही मागून झाली होती. त्याच्या जोडीच्या पुंजारामनं तर प्रत्येक दगडापुढं हात जोडून "देवा, जागा बदलतोय, राग धरू नको" असं म्हणून घेतलं होतं. मग पट्टा आवळला, यंत्र घुरघुरलं आणि पिढ्यान् पिढ्या मातीत रुतून बसलेला दगड दुधाच्या दातासारखा अलगद बाहेर आला. खाली उरलेला खड्डा ड्रायव्हरनं मुरूम ओढून बुजवला. वरून बकेटनं दोनदा थोपटलाही.

"झालं. हा शेवटचा," बिभीषण म्हणाला, आणि त्याला खरोखर हलकं वाटलं.

झुंजीचा माळ पुंडलिकनगरच्या पलीकडं, बायपासच्या अंगाला. एकेकाळी गावाबाहेर होता, पुढं शहरच चालत त्याच्यापर्यंत आलं. आता तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. इथं झुंज झाली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक. कुणाची कुणाशी, हे विचारलं तर चार जाणकारांची तोंडं चार दिशांना. पण जो जिथं पडला तिथंच त्याचा दगड उभा करायचा, ही वाडवडलांची रीत होती आणि तिच्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. म्हणून सगळ्या माळभर दगड विखुरलेले. कुठं तीन एकमेकांना खेटून, कुठं एकटाच लांब, पळताना गाठल्यासारखा. काही दगड मेंढपाळांच्या घरांचे, काही शेतकऱ्यांच्या. ज्याचा त्याचा वीर ठरलेला. दर अमावास्येला घरची बाई नैवेद्य घेऊन यायची, शेंदराचा हात फिरवायची. शेंदरावर शेंदूर चढत गेला आणि खालची तलवार, घोडा, माणूस सगळं बुजून नुसता तांबडा गोळा उरला.

माळ गायरानात होता, आणि गायरानाला वाली नसतो. तिथं सात मजली व्यापारी संकुल उभं राहणार, असा फलक एक दिवस लागला. बिभीषण दूध डेअरीत नोकरीला. त्याच्या घरात कुणी कधी कचेरीची पायरी चढलं नव्हतं. पण त्यानं समिती काढली, अध्यक्ष झाला, चार वर्षं अर्ज केले, उन्हातान्हात उपोषणाला बसला. डेअरीतले लोक त्याला 'सरसेनापती' म्हणून चिडवायचे. तो हसून घ्यायचा. माळ गेला तर आपण बापाला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात असायचं. बाप जाऊन बारा वर्षं झाली होती, हा भाग वेगळा.

शेवटी पुरातत्त्व खात्यातून पाहणीला अपेक्षा मॅडम येणार असं कळलं. पाहणीत माळ रणभूमी म्हणून नोंदला गेला, की संकुलाचा विषय संपणार होता.

आता साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडं काय करतात? पाहुणा यायचा आणि घरात पसारा, हे कुणाला चालेल? समितीची बैठक बसली. गवत काढायचं ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, देव असे रानोमाळ पडलेले बरे दिसत नाहीत. मग बिभीषणच म्हणाला, रस्त्याच्या कडेला एक ओटा बांधू, सगळ्यांना एका ओळीत मानानं बसवू, म्हणजे मॅडमना काट्याकुट्यांतून हिंडायला नको. टाळ्या पडल्या.

आणि गंमत म्हणजे, जेसीबी पाठवला तो काकासाहेबानं. काकासाहेब इथलाच, लहानपणी याच माळावर विटीदांडू खेळलेला. आता संकुलवाल्या बिल्डरची कामं तोच बघायचा. जेसीबी दिला, सिमेंट दिलं, ओट्याला फरशी दिली आणि वर म्हणाला, "देवाच्या कामात कसलं आलंय तुमचं-आमचं?" लोक म्हणाले, शत्रू असावा तर असा. बिभीषणलाही तसंच वाटलं.

स्वागताचा बोर्ड रंगवायला आलेल्या पेंटरनं उरलेल्या वेळात प्रत्येक वीराला ऑइल पेंटनं डोळे आणि मिशा काढून दिल्या.

संध्याकाळी बिभीषणनं आईला सगळं सांगितलं. भागूबाईची नजर अधू झाली होती, पण कान तिखट होते. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

"वरून पत्रा बी टाकणार हाये," तो म्हणाला.

"बरं केलं," भागूबाई म्हणाली. "दगडास्नी ऊन लागायचं."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. तो दिवस खात्यानं मुद्दाम निवडला नव्हता. कचेरीत कुठली अमावास्या आणि कुठली पुनव.

अपेक्षा मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा मांडवात सतरंजी अंथरलेली होती, शाल-नारळाचं ताट तयार होतं. तिशी-बत्तिशीची बाई, पाठीला पिशवी, पायात नाडीचे बूट, हातात माळाचा नकाशा. त्यांनी आधी माळाकडं पाहिलं. सपाट, स्वच्छ, मुरूम टाकून दाबलेला माळ.

"दगड कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम अभिमानानं ओट्याकडं हात केला. ओट्यावरून दीड-दोन डझन वीर रंगवलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होते. हातातला नकाशा अपेक्षा मॅडमनी एकदा दुमडला, मग आणखी एकदा दुमडला आणि ओट्याकडं चालू लागल्या.

काकासाहेब बिभीषण आणि पुंजारामच्या मधोमध येऊन उभा राहिला. आवाज अगदी मायेचा.

"जुना दगड जागेवरून हलवला तर गुन्हा व्हतो म्हनं. मला बी आत्ताच कळलं. नाव अध्यक्षाचंच लागंल. कशाला नसती भानगड? मूळचे इथंच व्हते म्हणा, मिटलं."

पुंजारामनं घाईघाईनं मान हलवली.

"हे पहिल्यापासून असेच आहेत का? ओळीत?" मॅडमनी ओट्यापाशी थांबून विचारलं.

"असेच," पुंजाराम म्हणाला. "आमच्या आज्ज्याच्या आधीपासून. आम्ही आपला खालून ओटा बांधला."

"अध्यक्ष तुम्ही ना?" त्या बिभीषणकडं वळल्या.

"ओटा नवा हाये," बिभीषण म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"जुने फोटो आहेत?"

फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होते. दहा-बारा मोबाइल पुढं आले. एकात हार घातलेला वीर, नुसतं तोंड. दुसऱ्यात पुंजारामची सून, मागं वीराचा कोपरा. तिसऱ्यात कुणाचं तरी बाळ दगडावर बसवलेलं. वीर सगळीकडं होता, माळ मात्र कुठंच नव्हता. मॅडमनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि मोबाइल परत दिले.

"मग अडचण आहे," त्या म्हणाल्या. "विखुरलेले असते, तर ज्या जागी माणूस पडला तिथे हा दगड उभा केला, असं म्हणता आलं असतं. सगळा माळ रणभूमी ठरला असता. ओळीत आहेत म्हणजे कुणीतरी कधीतरी कुठून तरी गोळा करून ठेवलेत. लढाई इथेच झाली याला आधार राहत नाही. ओटा तेवढा राखून ठेवा, असं मी लिहू शकते. उरलेल्या जागेबद्दल काही लिहिता येणार नाही."

"एवढं झालं तरी लई झालं, मॅडम," काकासाहेब म्हणाला. "आमच्या प्लॅनमध्ये हा कोपरा तसा बी मोकळाच सोडलाय. संकुलाच्या दारातच वीरांचं स्मारक. वर दिवे लावू."

बिभीषणनं त्याच्याकडं पाहिलं. ओटा नेमका याच कोपऱ्यात बांधा, रस्त्यावरून दर्शन होईल, असं काकासाहेबच म्हणाला होता. खड्डे बुजवायला आपण सांगितलं नव्हतं, हेही त्याला आता आठवलं. त्याला काकासाहेबाचा राग यायला हवा होता. पण आली ती स्वतःचीच लाज, कानापर्यंत. ज्याला माळ वाचवायचा होता त्यानंच तो गोधडीत गुंडाळून देऊन टाकला होता.

तोंड उघडलं तर नाव जाणार, कदाचित नोकरीही. गप्प बसलं तर ओटा राहणार. पुंजाराम त्याच्याकडं बघत होता आणि त्याची नजर म्हणत होती, गप्प बस बाबा.

एवढ्यात बाया आल्या. अमावास्येच्या नैवेद्याची वेळ झाली होती. पुढं भागूबाई, हातात झाकलेलं ताट. मागं पुंजारामची बायको शीला आणि आणखी सात-आठ जणी. शीलानं ओट्यावर आपला वीर शोधला. मिशांमुळं तिला तो पटकन ओळखू येईना. शेवटी अंदाजानं एकाच्या पुढं तिनं ताट ठेवलं.

भागूबाईनं चालता चालता ओट्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि ती पुढं गेली. ओटा ओलांडून सरळ मोकळ्या माळात.

"मावशी, देव इकडं बसवल्यात," काकासाहेबानं हाक मारली.

"ऐकलंय की," भागूबाई न थांबता म्हणाली.

ती सावकाश चालत होती. मध्ये एकदा थांबली, समोरच्या इमारतीच्या दिशेनं तोंड केलं, पुन्हा थोडी डावीकडं सरली. मग अशा जागी खाली बसली, की तिथं काहीच नव्हतं. पदरानं मुरूम साफ केला, भाकरी ठेवली, वर पिठलं, बाजूला कांदा. पाण्याचा तांब्या ताटाभोवती फिरवला.

अपेक्षा मॅडम तिच्या मागोमाग गेल्या होत्या. बिभीषणही ओढल्यासारखा गेला.

"आजी, दगड तर तिकडे आहेत," मॅडम म्हणाल्या.

"हां. सावलीत बसवले. माझ्या लेकानंच बसवले."

"मग नैवेद्य इथे?"

भागूबाईला प्रश्नच समजला नाही. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"जो पडला तो इथं हाय, बाई. त्याला तिथपर्यंत चालायला लावू का?"

ओट्यापाशी शीला उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, ठेवलेलं ताट उचललं आणि तीही माळात उतरली. पार पलीकडच्या टोकाला जाऊन इकडं तिकडं बघू लागली. मग दुसरी निघाली. दोघी एकाच जागेवरून हळू आवाजात भांडू लागल्या, "तुझा तिकडं, बाभळीच्या अंगाला," "बाभळ कुठं राहिली आता?" आणि शेवटी चार हातांच्या अंतरानं दोघीही बसल्या. पुंजाराम रस्त्यावरची वाहनं बघत राहिला.

"परवापर्यंत दगड इथंच व्हते, मॅडम," बिभीषण म्हणाला. "सगळे असे विखुरलेले. हलवले ते आम्ही, दोन दिसांत. मी सांगितलं म्हणून हलवले. जेसीबीनं."

बायांच्या पाठी मोजत असाव्यात तशा अपेक्षा मॅडम माळभर बघत होत्या.

"हे मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावासकट. आणि बाया कुठे बसल्या, हा पुरावा म्हणून कुणी मानेल असं मी सांगू शकत नाही. खाली खोदून पाहावं लागेल. परवानगी मिळेल, न मिळेल."

"लिहा."

"खात्री आहे?"

"नाव बिभीषणच लिहा. कागदावर दुसरंच हाये, पण माळावर ह्याच नावानं वळखत्यात."

मॅडमनी पिशवीतून टेप काढली आणि तिचं टोक त्याच्या हातात दिलं.

"आजींच्या ताटापाशी धरून उभे राहा. बायका उठायच्या आत घेऊ."

बिभीषण आईच्या दिशेनं निघाला.

"चपला," भागूबाई मागं न बघताच म्हणाली.

तो थांबला. पूर्वी दगड दिसायचा, मग चपला किती अलीकडं काढायच्या ते पायांनाच कळायचं. आता सगळीकडं सारखाच मुरूम होता आणि आपल्या पायाखाली कुणाचा वीर आहे, हे त्याला सांगता येईना. त्यानं टेपचं टोक तिथंच खाली ठेवलं आणि आला तसा मागं फिरला. ओट्यावरून, काकासाहेबावरून, शाल-नारळाच्या मांडवावरून तो रस्त्यापर्यंत गेला आणि डांबराच्या कडेला त्यानं चपला काढून ठेवल्या.

अनवाणी परत येणाऱ्या बिभीषणकडं अपेक्षा मॅडम क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी टेप बाजूला ठेवली आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली.