द्वारका साळवी कुठे गेली

"बाबा आले तेव्हा ह्या भागात एकही मराठी माणूस नव्हता. लिटरली एकही!" माझा मुलगा राजेश सांगत होता. टेबलावरच्या फोनमध्ये त्याचं बोलणं रेकॉर्ड होत होतं, म्हणून तो जरा सभेत बोलल्यासारखा बोलत होता. "नाइन्टीन सेव्हन्टी-टू, जानेवारी. इथे नोव्हायला तेव्हा नुसती शेतं होती. बाबांनी आधी जॉब मिळवला, सेटल झाले आणि मग आईला आणलं."

मी शिऱ्याच्या बशा खाली ठेवल्या.

"काकू, तुम्ही पण बसा ना," अनिका म्हणाली.

"मला गुरुवार आहे गं. तू खा, गरम आहे तोवर."

अनिका इथेच जन्मलेली. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवते. मिशिगनमध्ये सुरुवातीला आलेल्या मराठी घरांवर ती पुस्तक लिहिते आहे. तीन वर्षं घरोघर फिरून जुने फोटो, पत्रं, पासपोर्ट बघते. आणि वस्तू हातात घेण्याआधी स्वतःहून हात धुऊन येते, ते मला फार आवडलं. पुस्तकाआधी लायब्ररीत प्रदर्शन होतं, त्याच रविवारी. त्यात आमच्या ह्यांचा मोठा फोटो लागणार होता. खाली लिहिलेलं असणार होतं: श्रीराम सुर्वे, ह्या भागातले पहिले मराठी रहिवासी. हे जाऊन सहा वर्षं झाली. राजेशला त्या फोटोचा कोण आनंद! ऑफिसातल्या सगळ्यांना त्यानं बोलावलं होतं.

त्याचा फोन वाजला. "सॉरी हं, प्लांटमधून आहे, घ्यावाच लागेल," म्हणत तो बेसमेंटमध्ये गेला.

अनिकानं शिऱ्याचे दोन घास खाल्ले, हात पुसले आणि पिशवीतून एक फोटो काढला. "काकू, तुम्ही नर्स होता ना? मग तुम्हाला एक विचारते. ह्यांना कधी भेटलात? मी ह्यांच्यासाठी वेडी झालेय."

डेट्रॉइटच्या एका जुन्या हॉस्पिटलातल्या नर्सेसचा फोटो. ते हॉस्पिटल केव्हाच पाडलं. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी, डोक्यावर पांढरी टोपी, दोन वेण्यांचा घट्ट अंबाडा.

"मिस द्वारका आत्माराम साळवी," अनिका म्हणाली. "सप्टेंबर एकोणसत्तरला आली. एकटी! चोवीस वर्षांची! कुणाच्याही आधी. आणि सेव्हन्टी-वननंतर एकदम गायब. मी मॅरेज रेकॉर्ड्स पाहिले, डेथ रेकॉर्ड्स पाहिले, प्रत्येक काउंटीत. आडनाव लग्नानंतर बदलणार, ते मला माहितेय. म्हणून मी फक्त 'द्वारका' शोधत बसले. अख्ख्या स्टेटमध्ये एक द्वारका सापडली, ती पण गुजराती आजी."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लिहून टाकलं शेवटी." तिनं कागद उलटला आणि इंग्रजीत लिहिलेलं मला मराठीत करून सांगितलं. "थंडीला आणि एकटेपणाला कंटाळून ती परत गेली असावी. पहिल्या मराठी स्त्रीची कहाणी इथेच संपते."

मी फोटो तिच्या हातात परत दिला. "नाही भेटले कधी," असं काही मी म्हणाले नाही. "शिरा गार होतोय," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

कारण ती डावीकडून चौथी मीच.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत सहा आठवड्यांची रजा काढून मी रत्नागिरीला गेले आणि माझं लग्न झालं. सासरी ताम्हणात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सुहासिनी. सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्या बायकांचं बदलायचं, माझंही बदललं. त्यात मला तेव्हा काही वाटलं नाही. इकडे परत आल्यावर पासपोर्टवर, लायसन्सवर, सगळीकडे मी सुहासिनी श्रीराम सुर्वे झाले. हॉस्पिटलही दुसरं धरलं. म्हणजे अनिका शोधत होती ती पोरगी ताम्हणातल्या तांदळात बुडाली होती, आणि ते तांदूळ नंतर खिरीत गेले.

दहा महिन्यांनी हे आले, माझ्या कागदपत्रांवर. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शेजारच्या पोस्टातून मला फोन लावला. तीन मिनिटांचा कॉल, त्यातलं दीड मिनिट "ऐकू येतंय का" मध्ये गेलं. मग म्हणाल्या, "गावात मी सांगितलंय, श्रीरामला अमेरिकेत नोकरी लागली. बायकोच्या पदराला धरून गेला असं माझ्या लेकाला कोणी म्हणता कामा नये. तुला देवाची शपथ आहे."

"नाही सांगणार," मी म्हणाले. आणि कुणालाही सांगितलं नाही.

ह्यांना ते आवडत नसे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी भाषण करायचं होतं, तर आदल्या दिवशी आरशापुढे उभे राहून म्हणाले, "उद्या सांगून टाकतो बुवा, मला हिनं आणलं म्हणून." मी म्हटलं, "आई पहिल्या रांगेत बसणार आहेत, चालेल?" सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. ह्यांनी कागदावरची ओळ खोडली. नंतर सासूबाई गेल्या, हे गेले, आणि ती शपथ एकट्या माझ्याकडे राहिली.

शुक्रवारी सकाळी पूजा झाली, पोथी उघडली. रोज एक अध्याय वाचल्याशिवाय मी चहा घेत नाही. त्या दिवशी एकच ओवी तीनदा वाचली तरी डोक्यात दुसरंच. कंटाळून परत गेली म्हणे! पहिल्या हिवाळ्यात बस बंद पडल्या तेव्हा दोन मैल बर्फातून चालत ड्यूटीला गेले होते मी. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना माझं नाव घेता येईना, तर त्यांना बसवून शिकवलं होतं, द्वा-र-का. एक म्हातारा मरायच्या आधी नीट म्हणाला होता. आणि ती पोरगी घाबरून पळाली असं पुस्तकात छापून येणार, आन्या माझी नात ते वाचणार, तिची पोरं वाचणार.

मग मनात आलं, शपथ घेतली ती सुहासिनीनं. द्वारकेनं कुणाला कसलाच शब्द दिलेला नाही. ही पळवाट आहे हे समोरच्या देवालाही कळलं असेल. त्यानं काही हरकत घेतली नाही. अध्याय पुरा केला, चहा घेतला आणि अनिकाला फोन लावला.

"अनिका, ती परत गेली नाही गं. ती मीच."

अनिका हळूच म्हणाली, "काकू, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मला पुस्तकात लिहायला काहीतरी पुरावा लागतो. कागद आहेत?"

"नावबदलाचे होते, ते बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा गेले."

"ओह."

"पण नर्सचं नाव बदललं तरी तिच्या लायसन्सचा नंबर बदलत नाही. तुझ्याकडे नर्सेसची जुनी यादी असेल ना? बघ त्यात. शहाऐंशी हजार चारशे एकोणीस."

"थांबा थांबा. शहाऐंशी म्हणजे… सिक्स्टी-एट?"

"एवढी शिकलीस आणि आकडे येत नाहीत?"

"काकू, प्लीज! रविवारच्या मराठी शाळेत आमचं पन्नासपर्यंतच झालं होतं."

"एट, सिक्स, फोर, वन, नाइन."

कीबोर्डचा आवाज आला. मग थांबला. मला वाटलं, फोन कट झाला.

"एट सिक्स फोर वन नाइन," अनिका म्हणाली. "साळवी, द्वारका ए. काकू, मी तीन वर्षं तुम्हाला शोधतेय. आणि तुम्ही मला शिरा दिलात!"

"साखर कमी होती का?"

त्यावर ती हसायला लागली, ती थांबेचना. मी तिला एकच अट घातली: ह्यांचा फोटो काढायचा नाही. ती म्हणाली, काढणार नाही, पण 'पहिले' हा शब्द काढावा लागेल. खोटं मी छापू शकत नाही, काकू. मी म्हटलं, नकोच छापू. पण आधी राजेशशी मला बोलू दे.

तेच अवघड होतं.

संध्याकाळी राजेश आणि मीनाक्षी, माझी सून, जेवायला बसले तेव्हा सांगितलं. राजेशनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"आई, डोन्ट डू धिस. पॅनल प्रिंट झालंय. मी पन्नास लोकांना बोलावलंय. आणि तू आज मला सांगतेस की बाबा आयुष्यभर खोटं बोलत होते?"

"ते नाही बोलले खोटं. त्यांची सगळी भाषणं आठवून बघ. ते म्हणायचे, 'आम्ही आलो.' 'मी आलो, मग आईला आणलं' हे तू म्हणायला लागलास."

"मग तू कधी करेक्ट का नाही केलंस?"

"आजीला शब्द दिला होता."

"मला पण नाही सांगायचं? मी तुझा मुलगा आहे!" त्याचा आवाज चढला. "लोक हसतील यार. म्हणतील, सुर्व्यांनी पन्नास वर्षं थापा मारल्या."

मीनाक्षी इतका वेळ गप्प होती. ती नागपूरची, गप्प बसली की समजावं, काहीतरी येतंय. "आई, एक विचारू? आमच्या लग्नात गुरुजींनी ताम्हण पुढे केलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, हिचं नाव आहे तेच राहू दे? मामी किती बोलल्या होत्या तुम्हाला. तुम्ही एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत, फक्त ताम्हण उचलून आत घेऊन गेलात."

"हो."

"सतरा वर्षं मला वाटतंय, माझं नाव तुम्हाला फार आवडलं म्हणून."

"आवडलंच होतं गं."

मीनाक्षी नवऱ्याकडे वळली. "आणि तू रे, हसतील म्हणतोस? कोण हसणार? मी तुझ्या कागदपत्रांवर आले तेव्हा तीन वर्षं घरात बसून होते. तेव्हा हसलं का कोणी मला? की बायको आली की चालतं, आणि नवरा आला की थापा?"

राजेश उठला. बाहेर बर्फ थांबला होता तरी फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला गेला. साफ केलेलाच पुन्हा साफ केला. तासाभरानं आत आला, नाक लाल झालेलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि लहानपणी गोष्ट ऐकायला बसायचा तसा म्हणाला, "सांग. सुरुवातीपासून."

मी सांगत गेले. मीनाक्षीनं मध्ये दूध आणून दिलं.

रविवारी लायब्ररीत गर्दी झाली. मंडळाची जुनी माणसं, ह्यांचे ऑफिसातले दोन अमेरिकन मित्र, राजेशची माणसं. नवं पॅनल छापायला वेळ नव्हता, म्हणून ह्यांच्या फोटोखालच्या 'पहिले' शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली होती. शेजारी नर्सेसचा फोटो, खाली अनिकानं दोन्ही भाषांत हातानं लिहिलेलं: द्वारका आत्माराम साळवी, नंतर सुहासिनी श्रीराम सुर्वे. डेट्रॉइट, १९६९. एकतीस वर्षं नर्स. त्याच्याखाली बारीक अक्षरात लायसन्सचा नंबर.

मंडळाचे मोहिते काका पट्टीला नाक लावून बघत होते. "काय वहिनी, श्रीरामला पट्टी मारलीत?"

"मारली खरी, भाऊजी."

"बरं केलंत. फार शायनिंग मारायचा." मग शेजारचा फोटो बघितला, खालचं वाचलं. पुन्हा वाचलं. मग टोपी काढून हातात घेतली आणि जाऊन खुर्चीत बसले.

मी नेहमीसारखी शेवटच्या रांगेत बसले. अनिका इंग्रजीत बोलली, छान बोलली. कागद शोधणारी माणसं किती चुका करतात आणि तिनं स्वतः कोणती केली, ते तिनं लोकांपुढे न लाजता सांगितलं. तीन वर्षं ज्या बाईला मी शोधत होते, ती मला दर गणपतीला प्रसाद देत होती, असं म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला. चूक अशी उघड सांगायची म्हणजे छाती लागते.

मग राजेशला बोलावलं. त्याच्या हातात दोन पानांचं भाषण होतं. आठवडाभर पाठ केलेलं, घरात आम्हालाही पाठ झालेलं. त्यानं ते कागद घडी करून खिशात घातले. घसा साफ केला. मला भीती वाटली, मुलगा आता बोलतो की नुसताच उभा राहतो.

"माझे बाबा जानेवारी एकोणीसशे बहात्तरला डेट्रॉइटला उतरले," तो मराठीत म्हणाला. "अंगात पातळ सुती शर्ट होता. बाहेर उणे पंधरा. त्यांना घ्यायला विमानतळावर एक नर्स उभी होती. नाइट शिफ्ट करून तशीच आली होती, युनिफॉर्ममध्ये. हातात पुरुषाचा ओव्हरकोट. तो तिनं तीन महिने आधी घेऊन ठेवला होता, नुसत्या अंदाजानं. बाबांना तो बरोब्बर बसला."

त्यानं शेवटच्या रांगेकडे बघितलं. "ती माझी आई."

खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून मागे वळली. मोहिते काका वळले, ते दोन अमेरिकन म्हातारे वळले, सगळ्यात शेवटी अनिका. मी काही उठले नाही. पदर नीट केला आणि बसून राहिले; पण मोठ्या डॉक्टरांच्या राउंडला वॉर्डात उभी राहायचे तशी पाठ सरळ झाली होती, ती मग कार्यक्रम संपेपर्यंत तशीच राहिली.