दोन जादा स्पीकर

शाळेच्या सभागृहात नाटक सुरू होतं. मागच्या पालकांना मुलांचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून भाऊजींनी वहिनीला न विचारताच आणखी दोन स्पीकर जोडून टाकले. साउंडचा धंदा दोघांचा. तारांची जोडणी तिची. उचलठेव आणि लोकांशी गोड बोलणं त्यांचं.

ती गाडीतून वायर घेऊन परतली, तेव्हा ते खुशीत होते.

"वाढला की नाही आवाज, वहिनी?"

"कुठे जोडलेत?"

"त्याच तारांवर. दोनाचे चार."

एकेका स्पीकरचा विजेला अडथळा आठ ओहमचा. दोन होते तोवर चार ओहम भरत होते. चार एकत्र जोडल्यावर विजेला वाटा वाढल्या आणि उरले दोनच. अडथळा कमी झाला की ॲम्प्लिफायर झेपेल न झेपेल तेवढा करंट सोडत राहतो आणि तापत जातो. हा तर चारच्या खाली चालणाराच नव्हता.

ती धावत रंगमंचाच्या कडेला गेली. ॲम्प्लिफायरवर पडदा सरकून आला होता. कापडातून बारीक धूर निघत होता. समोर तीसेक मुलं, खाली खच्चून भरलेल्या खुर्च्या आणि उघडं दार एकच. ओरडलं तर चेंगराचेंगरी होणार.

तिने बटण बंद करून प्लग उपसला. माइक मुके झाले. मागोमाग आलेल्या भाऊजींनी पडदा ओढून नुसत्या हातांनी चुरगाळून विझवला.

"काहीतरी जळतंय," खालून एक बाई म्हणाली. दोघं-तिघं उठले.

वहिनी रंगमंचावर गेली.

"मशीन तापलं होतं, बंद केलंय. बसून घ्या. मुलं माइकशिवाय बोलतील."

उठलेले हळूहळू खाली बसले.

दोघांनी ॲम्प्लिफायरचं धूड उचलून मागच्या अंगणात नेलं. भाऊजींच्या तळहातांवर फोड आले होते. वहिनीने नळ सोडून त्यांचे हात धारेखाली धरले.

"आवाज वाढला होता पण," ते पुटपुटले.

"किती वाढला? ताकद दुप्पट झाली तरी कानाला जेमतेम कळतं, भाऊजी. तेवढ्यासाठी तीस पोरं..."

ती तिथेच पायरीवर बसली, आणि आतून टाळ्या ऐकू आल्या तरी तिला उठवेना.