शास्त्रज्ञ बाईंची भिंत

लेक सकाळी कामाला निघाली की दाराचे दोन आवाज येतात. पहिला दार ओढून घेतल्याचा, दुसरा बाहेरून किल्ली फिरवल्याचा. दुसऱ्या आवाजाला मी रोज एक शिवी हासडतो. तोवर ती जिन्याचं वळण उतरलेली असते, त्यामुळे शिवी फुकट जाते.

आयुष्यभर मी लिफ्ट दुरुस्त केल्या. आत अडकलेल्यांना फटीतून ओरडून सांगायचो, "घाबरू नका, दारापासून लांब उभे राहा, मी आलोय." आता मीच दारापासून लांब उभा असतो आणि येत कुणी नाही. आमच्या इमारतीला तर लिफ्टसुद्धा नाही, नाहीतर तेवढ्या निमित्तानं तरी कुणी मला बोलवायला आलं असतं.

झालं एवढंच, की मी पाव आणायला गेलो आणि बसथांब्यापाशी चक्कर येऊन पडलो. कपाळाला टाके पडले. दोन परक्या माणसांनी मला बखोटीला धरून वर आणलं तेव्हा लेकीचा चेहरा पांढराफटक झाला. दुसऱ्या दिवसापासून किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. "तुम्ही मला हवे आहात, बाबा," म्हणाली. समोरच्याला भांडायला तरी जागा ठेवावी माणसानं.

वर माझा वेळ जावा म्हणून मला कामाला लावलं. ती कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांच्या अंतराळयुद्धाच्या एका जुन्या गेमला आता पुढचा भाग जोडतायत, त्याला ते एक्स्पान्शन म्हणतात. त्यातली एकट्यानं खेळायची मोहीम माझ्या लेकीनं रचलीय. "तुम्ही खेळा आणि कुठं अडता ते मला सांगा," म्हणाली. मी अट घातली, शेवटची लढाई जिंकलो तर किल्ली माझ्या हातात. ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाहीच, पण मी ते हो धरून चाललो.

या खेळात बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही हनुवटीला हात लावून विचार करत बसा, शत्रू काही थांबत नाही. खाणीतून धातू काढा, भिंती बांधा, शिपाई उभे करा, सगळं एकाच वेळी. सुरुवातीला माझ्या नाकी नऊ आले, मग हात बसला. एकेक लढाई मारत मी शेवटच्या लढाईपाशी येऊन पोचलो आणि तिथं अडकलो.

ओसाड ग्रहावर एकच वसाहत उरलीय. खडकांतून रेड्याएवढे किडे निघतात. न्यायला यान येईपर्यंत त्यांना थोपवायचं. वसाहतीत एक शास्त्रज्ञ बाई आहेत, त्या मेल्या की खेळ खलास. आणि यान उतरलं की बाईंनी स्वतः चालत जाऊन त्यात बसायचं, तेव्हाच आपण जिंकलो.

मी पडलो शहाणा. पहिल्याच झटक्यात बाईंना एका कोपऱ्यात उभं केलं आणि चारही बाजूंनी भिंत घातली. किडे डोकं आपटून मरत राहिले, बाईंना ओरखडा नाही. यान उतरलं. बाईंना चला म्हटलं तर त्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या, पुन्हा वळल्या. भिंत पाडायला गेलो तर सूचना आली की हल्ला चालू असताना भिंत पाडता येत नाही. यान निघून गेलं. दुसऱ्या खेपेला भिंत घातली नाही, तर किड्यांनी बाईंना मटकावलं. मी चिडून पुन्हा भिंत घातली. मग रोज हेच. बाई जगायच्या आणि मी हरायचो.

एका संध्याकाळी लेक चहा घेऊन शेजारी बसली आणि बघत राहिली.

"बाबा, तिला कोंडलंत कशाला?"

"मरू नये म्हणून."

बोलून गेलो आणि माझी नजर दाराकडे गेली. चहा निवत राहिला.

"ऑफिसात सगळे हेच करतात," ती म्हणाली. "सगळ्यांची तक्रार आहे. म्हणून उद्या बदल करतोय. यान भिंतीच्या आतच उतरवणार. तिला चालायलाच नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग त्या बाहेर कधी येणार?"

"बाहेर यायचंच कशाला? सुखरूप पोचल्याशी कारण."

"पाय कशाला दिलेस मग त्यांना? टोपलीत घालून पाठवायचं होतंस!"

"बाबा, गेम आहे तो."

"असू दे!"

तिनं कप खाली ठेवला. "आई गेली तेव्हा मी ऑफिसात होते. त्या माणसांनी तुम्हाला धरून आणलं तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. रोज जिना चढताना माझा जीव टांगणीला असतो. दार उघडून तुम्ही दिसलात की मग श्वास घेते." मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, कोंडलेला मी एकटाच. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता, पण मी कॉम्प्युटर बंद करत बसलो.

सकाळी दाराचा एकच आवाज आला. मी शिवी तोंडात धरून दुसऱ्याची वाट पाहिली. तो आलाच नाही.

बूट घातले, काठी घेतली आणि दारासमोर उभा राहिलो. इतके दिवस ज्या दारावर दात खात होतो, ते उघडायला माझा हात उठेना. बसथांब्यापाशी पडलो तेव्हा आभाळ कसं गरगरलं होतं ते आठवलं. बूट काढून ठेवावे असंही एकदा मनात आलं. मग मला भिंतीपर्यंत जाऊन वळणाऱ्या बाई आठवल्या, आणि मी कडी ओढली.

जिन्याच्या वळणावर लेक पायरीवर बसली होती, मांडीत पर्स घट्ट धरून.

"कामाला नाही जायचं?"

"जातेच आहे." डोळे पुसून उठली.

"पाव संपलाय," मी म्हणालो. "तू हो पुढे. आणि वळून बघायचं नाही."

"बरं."

"यानाचं काय करणारेस?"

"बाहेरच उतरवते."

ती गेली. खरंच एकदाही वळली नाही. मी कठडा धरून उतरायला लागलो. खालून तिच्या सँडलांचा आवाज येत होता. मी एक पायरी उतरलो की खाली एक पाऊल वाजायचं. मी दम खायला थांबलो की तेही थांबायचं. इतक्या हळू माझी लेक जन्मात कधी चालली नसेल. तिच्यावर ओरडणार होतो, पण आवरलं, आणि पुढची पायरी उतरलो.